विंडोजशेजारी उबुंटू टाकलं तर डेटा उडतो का?

तुम्ही विचारलंय: लॅपटॉपवर विंडोज आहे, शेजारी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार, विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय, पण ओळखीचा दुकानदार म्हणतो डेटा उडेल, हे खरं का?

खोटं. डेटा उबुंटू उडवत नाही, माणूस उडवतो. हे मी घरात २०१४ पासून सांगतोय.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप. ऑफिसात एकच कॉम्प्युटर, विंडोज ७, ५०० जीबीची डिस्क. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्टला लिनक्स हवं होतं म्हणून बाबांना विचारून ६० जीबी मोकळे केले आणि उबुंटू १४.०४ टाकलं. तक्रार एकच आली, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं पडायचं. दादा म्हणाला, "मशीन बिघडवलंस." बिघाड नव्हता. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी वेळ (ग्रिनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची) लिहितं आणि विंडोज तीच इथली वेळ धरून चालतं. लिनक्सला इथलीच वेळ ठेवायला लावली आणि प्रश्न मिटला. दादाच्या मनातून मात्र गेला नाही.

पुढे मी पुण्याला मुलाखतीला गेलो असताना डी ड्राइव्ह भरली. दादानं विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, अक्षर नसलेलं एक पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, उबुंटू त्यातच होतं) दिसलं, ते डिलीट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काळी स्क्रीन आणि त्यावर 'ग्रब रेस्क्यू'. होणारच. ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना विंडोज की लिनक्स ते विचारणारा बूटलोडर. त्याचा छोटा तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसतो, बाकीचा लिनक्सच्या पार्टिशनात. तेच उडवल्यावर तो विंडोजपर्यंत पोचणार कसा? सी आणि डी मधल्या एकाही फाइलला धक्का लागला नव्हता. विंडोजची डीव्हीडी घालायची, रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, बूटरेक या कमांडनं एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा, मशीन सुरू करणारा भाग) दुरुस्त करायचा. दहा मिनिटांचं काम.

दादानं मला फोन केला नाही. सीपीयू एका रिपेअरवाल्याकडं नेला. त्यानं "लिनक्समुळं हार्डडिस्क करप्ट झाली" म्हणून सांगितलं, सगळी डिस्क फॉरमॅट केली, नवीन पार्टिशन पाडून विंडोज टाकून दिलं. सहा वर्षांची ड्रॉइंग गेली. एका गिऱ्हाइकाच्या पंप कव्हरचं ड्रॉइंग तर बाबांनी जुना जॉब (तयार झालेला भाग) समोर घेऊन, व्हर्नियरनं मापं काढत, रविवारी दिवसभर बसून पुन्हा केलं. ते बघताना मला जे वाटलं ते अजून जात नाही. आणि आजही जेवताना विषय निघाला की दादा म्हणतो, "तुझ्या त्या लिनक्सनं." लिनक्सनं फॉरमॅट मारला नव्हता, दादा.

तुमच्याकडं नवीन लॅपटॉप असेल तर यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) असणार, तिथं दोघांचे बूटलोडर एकाच ईएफआय पार्टिशनात वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात. ग्रब बिघडलाच तर बूट मेनूतून सरळ विंडोज निवडता येतं. सी ड्राइव्ह विंडोजमधूनच लहान करा, उबुंटूला ५०-६० जीबी द्या, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर विंडोज उघडताना ती मागेल आणि तुम्ही अडकाल. इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय निवडलात तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं ठरेल.

बॅकअप घ्या, तो दुसऱ्या डिस्कवर. आमच्याकडं नव्हता, आणि तो बाबांनी, दादानं, मी, कुणीच घेतला नव्हता.

आणि लॅपटॉप घरात आणखी कुणी वापरत असेल तर त्यांना डिस्क मॅनेजमेंट उघडून ते बिनअक्षराचं पार्टिशन दाखवा. ते रिकाम्या जागेसारखंच दिसतं. दादाला मी ते दाखवलं नव्हतं. तेवढं माझं चुकलं.