डॉट इन दुसऱ्याकडे गेलं, तीन लाख द्यायचे का?

प्रश्न: सांगलीत आमची हळद-मसाल्याची छोटी कंपनी आहे. 2016पासून स्वतः बनवलेल्या एका शब्दाच्या नावाने माल विकतो, ट्रेडमार्क घेतलेला नाही. त्याच नावाचं डॉट कॉम आमच्याकडे आहे. डॉट इन गेल्या वर्षी कोणीतरी घेतलं. आता मेल करून तीन लाख मागतोय. ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच येतात. सोडून द्यावं का?

उत्तर: सोडू नका, आणि पैसेही देऊ नका. ऑर्डरी कुठूनही येवोत, त्या डॉट इनवरून तुमच्या वितरकाला ‘आमचं बँक खातं बदललंय’ एवढा एक मेल गेला तरी फसवणुकीला पुरे.

नोंदणी नसली तरी हक्क असतो. ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात (2004) सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावासाठीही, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यासाठीही, पासिंग ऑफचा (आपला माल दुसऱ्याचा भासवून खपवण्याविरुद्धचा) दावा चालतो असं म्हटलंय. पण ते नाव बाजारात तुमचं म्हणून ओळखलं जातं, हे दाखवावं लागतं. नाव नुसतं ‘सांगली हळद’ असतं तर मी गप्प बसायला सांगितलं असतं. त्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव एकट्याचं होत नाही.

कोर्टाआधी निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे, डॉट इनसाठीच्या धोरणाखाली तक्रार करा. तीन गोष्टी दाखवायच्या: नाव तुमच्या नावाशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नोंदणी किंवा वापर दुष्ट हेतूने आहे. यातलं ‘किंवा’ तुमच्या फायद्याचं. डॉट कॉमच्या वादात दोन्ही सिद्ध करावं लागतं. लवाद डोमेन तुमच्या नावे करायला सांगू शकतो. नुकसानभरपाई हवी असेल तर मात्र कोर्टच.

तीन लाखांचा मेल हा तुमचा सर्वांत चांगला पुरावा. खर्चापेक्षा जास्त पैसे उकळायला नाव अडवणं, हे दुष्ट हेतूचं ठरलेलं लक्षण आहे. मेल हेडरसकट, म्हणजे तो कुठून कसा आला या तांत्रिक नोंदीसकट, जपा, नुसता स्क्रीनशॉट नको. उत्तरात ‘पन्नास हजारांत द्या’ असं लिहू नका, ते तुमच्यावरच उलटवलं जाईल. हूइजवरची (डोमेनच्या नोंदी दाखवणारी ऑनलाइन यादी) नोंदणीची तारीख आणि 2016ची बिलं, लेबलं शेजारी ठेवा. कोर्टात छापील प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागेल.

सोबत टीएम-ए, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणीचा, अर्ज टाका, वर्ग 30 (मसाल्यांचा). उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र असेल तर ऑनलाइन शुल्क 4,500 रुपये, नसेल तर 9,000. 2016पासूनचा वापर शपथपत्रासह लिहा. आणि डॉट कॉम कोणाच्या नावावर आहे तेही आजच बघा. बऱ्याचदा ते वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात निघतं.