मालिकेवर बेतलेली हेरकादंबरी : प्रकरणं ऑनलाइन टाकायची घाई नका करू

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. बंद पडलेली हेरमालिका, त्यातलं एक दुय्यम पात्र, त्या पात्राच्या सतरा-अठराव्या वर्षावर लिहिलेली यंग अडल्ट, म्हणजे टीनएजर वाचकांसाठीची कादंबरी, 40 हजार शब्द झालेत, आणि प्रश्न दोन : मालिकेच्या कंपनीला पाठवू का, आणि उत्तर येईपर्यंत प्रकरणं ऑनलाइन टाकत राहू का. मला वाटलं ही माझीच जुनी पोस्ट आहे. माझं पात्र वेगळं होतं, मालिका वेगळी होती आणि शब्द 62 हजार होते, एवढाच काय तो फरक. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, मी वकील नाही. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे पैसे किंवा करार मध्ये आला की कॉपीराइटवाल्या वकिलाला विचारा. मी फक्त माझं काय झालं ते सांगू शकते.

कंपनीला पाठवायचं तर अख्खी कादंबरी अजिबात पाठवू नका. बहुतेक प्रॉडक्शन कंपन्या न मागवलेलं लिखाण उघडतच नाहीत, आणि त्यात तुमचा अपमान वगैरे काही नसतो. उद्या त्यांनी तुमच्या गोष्टीसारखा एखादा भाग केला तर तुम्ही म्हणाल माझी कल्पना चोरली, ही त्यांना भीती असते, म्हणून पाकीट न उघडणं हाच त्यांच्या वकिलांचा सल्ला असतो. मालिकांवरची अधिकृत पुस्तकं येतात ती बहुतेक उलट्या दिशेने येतात. आधी प्रकाशक हक्क घेतो, मग आधी पुस्तकं छापून आलेल्या लेखकाला बोलावून लिहून घेतो, ठरलेली रक्कम देतो, कधी थोडी रॉयल्टी, आणि कॉपीराइट सहसा मालिकेच्या मालकाकडेच राहतो. मला हे माहीत असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

मी एका कंपनीच्या ऑफिसला आधी पत्र लिहिलं, मग मेल, मग फोन. लीगलवाले म्हणाले लायसन्सिंगला, म्हणजे मालिकेचं नाव वापरायची परवानगी देणाऱ्या विभागाला, विचारा. लायसन्सिंगने एक फॉर्म पाठवला, तो मी अजून जपून ठेवलाय. त्यात रकाने काय होते माहितीये? उत्पादनाचं वजन, उत्पादनात वापरलेलं साहित्य, रंग, किती वर्षांवरच्या मुलांसाठी सुरक्षित. कारण त्यांच्या हिशेबात पुस्तक म्हणजे कॉफीचा मग आणि टी-शर्ट यांच्याच खात्यातली वस्तू. 'साहित्य' या रकान्यात मी 'कागद' लिहिलं आणि वयाच्या रकान्यात '14+'. चार महिन्यांनी फॉर्म परत आला, कारण सोबत कारखान्याचा पत्ता नव्हता. फोनवरच्या बाईंना मी तीनदा सांगितलं की अहो ही कादंबरी आहे, कारखाना नाहीये, तर त्या म्हणाल्या, मग कारखान्याचं लायसन्स का मागताय? नाव घेत नाही, पण आजही तो फोन आठवला की डोकं तापतं. नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा ना, माणूस दुसऱ्या कामाला लागतो!

पण ऑफिसपेक्षा मला महागात पडली ती माझीच चूक. वाट बघता बघता मला वाटलं, वाचक जमा झाले तर कंपनी ऐकेल. म्हणून पहिली 10 प्रकरणं मालिकेच्या नावासकट, पात्रांच्या नावासकट, आणि माझ्या खऱ्या नावाने ऑनलाइन टाकली. वाचकही आले, छान छान कमेंट आल्या, एका मुलीने तर पात्राचं चित्र काढून पाठवलं. कंपनीने अर्थातच काही ऐकलं नाही. मग मी नावं बदलून, जग बदलून स्वतंत्र कादंबरी करायची ठरवलं, पुन्हा आठ महिने घातले, एका प्रकाशकाला आवडली, करारापर्यंत गोष्ट गेली आणि त्यांनी विचारलं, आधी कुठे प्रसिद्ध झालंय का? मी म्हटलं नाही. मनापासून म्हटलं, कारण फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्याने आवडत्या मालिकेवर लिहिलेली गोष्ट, ऑनलाइन टाकणं म्हणजे प्रसिद्ध करणं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्यांनी माझं नाव सर्च केलं. पहिल्याच पानावर माझी 10 प्रकरणं, मालिकेचं नाव शीर्षकात. दोन दिवसांनी मेल आला की पुढे जाता येणार नाही. त्यांना गोष्टीची अडचण नव्हतीच, माझ्या 'नाही'ची होती. ती प्रकरणं मी त्याच रात्री काढली, पण तोवर लोकांनी ती तीन ठिकाणी कॉपी केलेली होती.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. फक्त आनंदासाठी लिहीत असाल तर टाका, टोपणनावाने टाका, पैसे घेऊ नका, फॅन फिक्शन ही काही कमी प्रतीची गोष्ट नाही. पण छापायचं मनात एक टक्का जरी असेल तर थांबा. आणि टाकून झालं असेल तर प्रकाशकाला पहिल्याच मेलमध्ये स्वतःहून सांगा. बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की एवढ्या छोट्या लेखकाच्या मागे कोण लागतंय. असेलही. पण अमेरिकेत साइनफेल्ड मालिकेवर 643 प्रश्नांचं एक क्विझचं पुस्तक निघालं होतं, त्यात गोष्टसुद्धा नव्हती, नुसते प्रश्न, आणि 1998 मध्ये अपील कोर्टाने तेही कॉपीराइटचं उल्लंघनच ठरवलं. फॅन लेखकांना पैसे मिळवून देणारी अ‍ॅमेझॉनची एक अधिकृत सोय 2013 मध्ये सुरू झाली होती, ठरावीक मालिकांचे हक्क आधीच घेतलेले असायचे, तीही 2018 मध्ये बंद पडली. आणि अधिकृत परवानगी मिळाली म्हणजे तुमची गोष्ट खरी झाली असंही नाही हां. स्टार वॉर्सच्या कितीतरी अधिकृत कादंबऱ्या 2014 मध्ये एका घोषणेने मुख्य कथेच्या बाहेर गेल्या.

आता लिखाणाबद्दल, कारण नावं बदलायची ठरवलीत तर खरं काम इथे आहे. माझ्या पात्राचं नाव समजा रवी. मी फाइंड अँड रिप्लेस करून निखिल केलं आणि सगळं मॅन्युस्क्रिप्ट तपासायला दिलं. वाचणाऱ्या मैत्रिणीचा फोन, हे 'हिनिखिल फाईल' काय आहे? 'हिरवी'मधला रवीही बदलला होता. 'भैरवी'चंही तेच झालं होतं. तेव्हा प्रत्येक नाव हाताने बदला, आळस करू नका.

पण नावं हा वरवरचा भाग झाला. मालिकेवरची कादंबरी उभी असते ती वाचकाला आधीच माहीत असलेल्या गोष्टीवर. एलियस (Alias) ही अमेरिकन हेरमालिका घ्या, 2001 ते 2006 चाललेली. त्यातली नायिका सिडनी, तिच्या कॉलेजच्या दिवसांवर, तिला हेर म्हणून भरती केलं तिथपासून, 2002 पासून टीनएजर वाचकांसाठी कादंबऱ्या आल्या. तिला वाटतं आपण सीआयएच्या गुप्त शाखेत काम करतोय. पण मालिकेचा पहिला भाग पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं की ती ज्यांच्यासाठी काम करतेय ते शत्रूच आहेत. त्यामुळे पुस्तकात ती नुसती खुश होऊन ऑफिसात शिरली तरी वाचकाच्या पोटात गोळा येतो, लेखकाला वेगळं काही करावं लागत नाही. ती सगळी भीती मालिकेने कमावून ठेवलेली असते.

माझ्या पहिल्या प्रकरणात रवीला त्याचे शिक्षक चहा देतात आणि म्हणतात, तुझ्यासारखी मुलं हवीत. ऑनलाइन वाचलेल्या लोकांनी लिहिलं होतं, अंगावर काटा आला. अर्थात येणारच, कारण हे सर पुढे जाऊन गद्दार निघतात हे त्यांनी मालिकेत पाहिलं होतं. नावं बदलली आणि तेच प्रकरण नव्या वाचकाला दिलं, तर तो म्हणाला, बरं, चहा दिला, पुढे? एक शब्द बदलला नव्हता आणि प्रकरण मेलं होतं.

मग मला तो विश्वासघात पुस्तकाच्या आत पेरावा लागला. मी एक छोटा प्रसंग घातला. रवी, म्हणजे आता निखिल, वही विसरतो म्हणून परत येतो, तर सर त्याचा चहाचा कप रुमालात धरून कागदी पिशवीत ठेवतायत. त्यांना तो दिसत नाही. त्याला वाटतं सर कप धुवायला नेतायत. एवढंच, सहा ओळी. ठसे हा शब्दसुद्धा कुठे नाही. पण त्यानंतर प्रत्येक पानावर सरांचं चांगलं वागणं वाचकाला टोचायला लागतं, आणि हे टोचणं माझं स्वतःचं आहे, ते कुणाच्या लायसन्सवर अवलंबून नाही.

तुमच्या 40 हजार शब्दांपैकी हे तपासून बघा. मालिका न पाहिलेल्या एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला पहिली तीन प्रकरणं द्या आणि तो कुठे थांबतो तिथे पेन्सिलने खूण करा. मोठ्यांना देऊ नका, ते सांभाळून बोलतात. माझ्याकडे अशा 31 खुणा झाल्या होत्या. जिथे थांबत नाहीत ती पानं तुमची. माझ्या बाबतीत ती सगळी घरातली पानं निघाली : आईला खोटं सांगताना आवाज सारखा ठेवणं, बहिणीने बॅग उघडू नये म्हणून तिच्यावर उगाच चिडणं. गॅजेट, पाठलाग, कोड हे सगळं मालिकेचं उसनं होतं आणि ते काढल्यावर कुणालाच चुकलं नाही. त्या वयात खरं लपवायला हेर असावंच लागत नाही ना, म्हणून मुलांना ती पानं कळतात.

जाता जाता एक साइड टीप. रोजच्या रोज तारखेसकट कॉपी स्वतःला मेल करून ठेवा. त्याने कायद्यात किती फरक पडतो ते वकील सांगेल, पण नावं बदलताना जुनं काय होतं हे बघायला मला तीच उपयोगी पडली. कादंबरी सध्या 48 हजारांवर आहे, दुसऱ्या एका प्रकाशकाकडे दिलीय, आणि या वेळी पहिल्या मेलच्या पहिल्या परिच्छेदात ऑनलाइनचा सगळा इतिहास लिहून टाकलाय. तुमची तीन प्रकरणं वाचायला मला आवडेल, मेसेज करा. फक्त मालिकेचं नाव सांगू नका, मी न पाहिलेलीच बरी.