मोंतेवेर्देला दिसलेला विटकरी पोटाचा हमिंगबर्ड कोणता?

पर्पल-थ्रोटेड माउंटनजेमची मादी आहे ही.

हिरवी पाठ, गळ्यापासून पोटापर्यंत विटकरी आणि डोळ्यामागे ठळक पांढरी रेघ, हे तुमचं वर्णन तिला चपखल बसतं. पक्षी ओळखणारं अॅप मधेच व्हाइट-थ्रोटेड माउंटनजेम का म्हणतं, असं तुम्ही विचारलंय. त्यात अॅपचा फारसा दोष नाही. या दोन जातींचे नर सहज ओळखू येतात, एकाचा गळा जांभळा तर दुसऱ्याचा पांढरा. माद्या मात्र इतक्या सारख्या, की नुसता फोटो दाखवला तर भलेभले पक्षीनिरीक्षकही छातीठोकपणे नाव घेणार नाहीत.

इथे निकाल लावतो तो नकाशा. मोंतेवेर्दे कोस्टा रिकाच्या तिलारान डोंगररांगेत, साधारण 1400-1500 मीटर उंचीवर आहे आणि तो पर्पल-थ्रोटेडचा मुलूख. व्हाइट-थ्रोटेड राहतो दक्षिणेकडच्या तालामांका रांगेत, त्याहून वरच्या ओक वृक्षांच्या जंगलात. हाच फोटो तुम्ही त्या रांगेतल्या सान हेरार्दो दे दोताला काढला असतात, तर मी बेलाशक दुसरं नाव सांगितलं असतं.

तुमच्या मित्राला हे ग्रीन-क्राउन्ड ब्रिलियंट या वेगळ्या हमिंगबर्डचं पिल्लू वाटतंय. शंका रास्त आहे, कारण त्या पिल्लाच्या हनुवटीवरही विटकरी रंग असतो. पण तो पोटापर्यंत पोचत नाही. खाली हिरवे ठिपके दिसतात आणि डोळ्यामागे रेघेऐवजी जेमतेम एक पांढरा टिपका. शिवाय ब्रिलियंट शक्यतो बसूनच मध पितो. तुमचा पक्षी हवेत तरंगत फीडरला चोच लावतोय.

आता तुम्ही पाठवलेला ‘काळ्या गळ्याचा’ तो दुसरा फोटो. डोळ्यामागची रेघ बघा, तशीच आहे. तो बहुधा हिचाच नर. गळ्याचा जांभळा रंग रंगद्रव्याचा नसतो, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परतताना तो उमटतो. कोन चुकला की गळा काळा. आपल्याकडचा जांभळा शिंजीर सावलीत काळाकुट्ट दिसतो, तसंच. म्हणून हमिंगबर्डच्या फोटोत चमकत्या रंगावर मी सगळ्यात शेवटी विश्वास ठेवतो. आधी डोळ्यामागची खूण, मग चोच, मग शेपूट.

अॅपमध्ये फोटोसोबत जागा आणि तारीख भरून पाहा, व्हाइट-थ्रोटेड बहुधा यादीतून गळेल.