शैवाल किंवा पीक कोणत्या परिस्थितीत वाढले, यानुसार त्यातील पोषकद्रव्ये बदलतात का?

होय, आणि सूक्ष्म शैवालांत हा बदल पिकांपेक्षा बराच ठळक असतो. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या सूक्ष्म शैवालाला पुरेसे नायट्रेट (नत्र पुरवणारे संयुग) मिळाल्यास त्याच्या कोरड्या वजनात साधारणपणे ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात. नत्र कमी पडले की प्रथिने आणि फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य घटते व कर्बोदके साठू लागतात. याउलट, ड्युनालिएला सलिना या शैवालात प्रखर प्रकाश, जास्त क्षारता आणि नत्राची टंचाई यांच्या ताणाखाली बीटा-कॅरोटीन कोरड्या वजनाच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, मात्र त्याच ताणाने वाढ खुंटत असल्यामुळे उत्पादक बहुधा आधी पेशींची संख्या वाढवतात आणि नंतरच ताण देतात.

पिकांमध्ये वाणाचा वाटा मोठा असला, तरी खनिजांच्या बाबतीत जमीन निर्णायक ठरते. जमिनीत सेलेनियम (शरीराला अल्प प्रमाणात लागणारे खनिज) कमी असलेल्या फिनलंडमध्ये १९८४ पासून ते खतांत मिसळले जाऊ लागले आणि धान्यातील, पर्यायाने लोकांच्या रक्तातील, सेलेनियमचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. पालेभाज्यांना नत्र अति दिल्यास क जीवनसत्त्व सहसा घटते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास गहू व भात यांतील प्रथिने आणि जस्त कमी होतात, हे खुल्या शेतातील प्रयोगांतही दिसले आहे.