अमेरिकानो म्हणजे पाणी घालून वाढवलेली कॉफीच ना? तिचे एवढे पैसे का द्यायचे?

जळगावात एका कॉफीच्या दुकानात मी मशीन चालवतो, हा प्रश्न मला गिऱ्हाइकांकडून बरेचदा येतो.

एस्प्रेसो, म्हणजे मशीनने दाबाखाली काढलेला कॉफीचा दाट अर्क, त्यात पाणी घातलेलं असतं, हे खरं. पण शेवभाजीचा रस्सा आठवा. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परततो, मग उकळतं पाणी ओततो. त्याला कुणी पाणचट म्हणत नाही, कारण मसाला आधी नीट परतलेला असतो. एस्प्रेसोत साधारण 18 ग्रॅम बारीक दळलेल्या कॉफीतून 9 बार दाबाने गरम पाणी जातं आणि 25-30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास अर्क उतरतो. त्यात विरघळलेली कॉफी 8-10 टक्के. एवढा दाट घोट जिभेवर आदळतो, बारकावे कळेपर्यंत संपलेलाही असतो. दीड-दोनशे मिली गरम पाणी घातलं की तेच प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास येतं, कागदी फिल्टरमधून गाळलेल्या कॉफीच्या जवळ. मग फळाचा आंबटपणा निराळा लागतो, भाजल्याचा खमंगपणा निराळा. मला ती आवडते ती यासाठीच. कॅफिन मात्र पाण्याने कमी होत नाही, तेवढंच राहतं.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत आलेल्या अमेरिकन सैनिकांना एस्प्रेसो झेपेना म्हणून हा प्रकार निघाला, असं सांगतात. गोष्ट ऐकीवच, पण 'ज्याला खरी पचत नाही त्याची कॉफी' हा शिक्का बसला तो बसलाच.

बदनामीचं खरं कारण मला वेगळं वाटतं. काही ठिकाणी वरून पाणी न घालता त्याच भुकटीतून कप भरेपर्यंत पाणी ओढतात. चांगला अंश सुरुवातीलाच उतरून गेलेला असतो, नंतर येतो तो नुसता कडू, तुरट. असा कप पिऊन अमेरिकानोला नावं ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. कपात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे त्याचा दोष लपत नाही. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी आंबटपणा मारून टाकतं. उलट आरओने सगळे क्षार काढलेल्या पाण्यात कॉफी सपक लागते. दुकानदाराला पाणी कुठलं, हे बेधडक विचारा.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे कपात आधी गरम पाणी घेऊन वर एस्प्रेसो सोडतात. त्याला लाँग ब्लॅक म्हणतात, वरचा तांबूस फेस टिकतो. दिसायला सुंदर, पण तो फेस स्वतः कडवट असतो. ढवळून प्या, नाहीतर चमच्याने काढून टाका.

पहिल्यांदा घेताना मध्यम भाजलेली अरेबिका (कॉफीच्या बियांची एक जात) मागा, डबल शॉट म्हणजे एस्प्रेसोचं दुप्पट माप, पाणी दीडशे मिली, साखर न घालता. कडक वाटली तर गरम पाणी वेगळं मागून थोडं थोडं वाढवत जा. मे महिन्यात बर्फ आणि गार पाण्यावर शॉट ओतून घ्या, त्या उन्हात दुधाच्या कोल्ड कॉफीपेक्षा ही जास्त बरी वाटते.