गॅस भरायच्या आधी हे तपासा (फ्रिज आणि वाढलेलं बिल)

ताई, फ्रॉस्ट फ्री डबल डोअर, वर फ्रीझर टणक, खाली दूध नासतंय, होळीपासून बिल चढतंय आणि सर्व्हिसवाला मागचं पॅनेलही न उघडता म्हणतो "गॅस संपलाय". तुमचं दुखणं अगदी ओळखीचं आहे. गरम भांडं आत ठेवू नका वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडू.

फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही. बंद नळीत तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता भरला तर पैसे पाण्यात.

वर गार आणि खाली गरम, हे बहुतेक वेळा डिफ्रॉस्टचं काम असतं. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड कॉइल असते. तिच्यावर साचणारा हिम ठरावीक वेळाने हीटर वितळवतो, तेच डिफ्रॉस्ट. हीटर, बायमेटल (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच) किंवा टायमर गेला की हिम साचतो, पंख्याची हवा खाली उतरत नाही आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. बिल तिथून वाढतं.

ओळखायचं कसं? सगळं बाहेर काढा, प्लग काढा, दारं उघडी ठेवून खाली जुने टॉवेल टाका, २४ तास तसंच राहू द्या. सुरू केल्यावर आठवडाभर छान चालून हळूहळू परत बिघडला तर गॅस नाही, डिफ्रॉस्टच. गॅस कमी असता तर बर्फ वितळवून काही फरक पडला नसता. चाकूने बर्फ मात्र खरवडू नका. नळीला भोक पडलं तर गॅस खरंच जाईल.

वीज मोजायला साधन लागत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. मीटरवर ३२०० imp (म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुकी) छापलं असेल तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. साडेनऊ सेकंद आले तर साधारण १२० वॅट. मे महिन्यात दुपारी कॉम्प्रेसर बराच वेळ चालणार, त्यात नवल नाही. पण पहाटेही थांबत नसेल तर गडबड आहे. शिवाय महावितरणच्या घरगुती दरात १०० च्या वरची युनिटं पुढच्या स्लॅबच्या दराने लागतात, त्यामुळे फ्रिजची जादा २५-३० युनिटं नेमकी महागातली पडतात.

गॅस भरायचीच वेळ आली तर (पाइपचं काम घरी करू नका, हे माझं मत नाही, ताकीद समजा) मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. आर ६००ए असेल तर तो ज्वलनशील आहे, शेगडी बंद, खिडक्या उघड्या. फिल्टर ड्रायर (नळीतली ओल आणि कचरा टिपणारी डबी) नवा, नळीतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप अर्धा तास तरी, गॅस काट्यावर मोजून. पाइपला हात लावून "झालं" म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. जास्त भरला तर परतीच्या पाइपवर कॉम्प्रेसरपर्यंत हिम धरतो आणि बिल आणखी वाढतं. पावतीवर गळती कुठे सापडली ते लिहून घ्या. कुठल्या सेंटरचं नाव घेत नाही, पण हे लिहून द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा.

जाता जाता दोन गोष्टी. नव्या फ्रिजची गरम कॉइल बहुधा बाजूच्या पत्र्याआड असते. वर टाकलेली सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी लोंबत असेल तर काढा, भिंतीपासून चार बोटं तरी जागा ठेवा. आणि आपल्याकडे पाणी रोज येत नाही म्हणून भरलेल्या बाटल्या सगळ्या फ्रिजमध्ये कोंबू नका. दहा लिटर पाणी ३५ वरून १० अंशांवर आणायला अंदाजे ०.२ युनिट जातं. माठ फुकट गार करतो.

डिफ्रॉस्टचा प्रयोग करून सेकंदांचा आकडा आणि स्टिकरवरचा गॅस इथे टाका, मग पुढचं बघू.