मेलबर्नला येताय? तपासणीबद्दल थोडं, बाकीचं जास्त

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये कुटुंबासह कायमचं मेलबर्नला येताय, मुलगी चौथीत आहे आणि विमानतळावरच्या तपासणीची धास्ती वाटतेय. सामानात काय घालावं, काय नाही? त्याची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे. ती अधूनमधून बदलते, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा वाचा. यादीत जे सापडणार नाही ते मी लिहिते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी डाळ-तांदळाचं. तांदूळ, तूर, मूग, मसूर, हरभरे, शेंगदाणे, जिरे, धणे, सुक्या मिरच्या हे सगळं २०२०च्या ऑक्टोबरपासून प्रवाशांच्या सामानातून आणता येत नाही. कंपनीचं सीलबंद पाकीट असलं तरी नाही, आणि मागाहून बोटीनं पाठवायच्या खोक्यांतही नाही. कारण खापरा भुंगेरा. आपल्याकडे गोदामवाल्यांना तो चांगला माहीत आहे. याची केसाळ अळी फटीत दडून अन्नावाचून वर्षानुवर्षं तग धरते, आणि तिची कात नि केस मिसळले की धान्य खाण्याच्या लायकीचं राहत नाही. २००७ साली पर्थमध्ये नव्यानं आलेल्या एका कुटुंबाच्या सामानात तो निघाला, तेव्हा राहतं घर आच्छादून मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यावी लागली. एका घरातलं सामान, एवढ्यावरून! हा किडा इथे रुजला तर इथला गहू घ्यायला बाहेरचे देश कचरतील. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात विमेरा भागाकडे गेलात की दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर गहूच दिसतो. तो पाहिल्यावर या नियमाबद्दल माझी काही तक्रार उरली नाही.

दुधाचंही तसंच. लाळ्या-खुरकूत हा गुरांचा रोग दुधातूनही पसरू शकतो. तो इथे १८७२नंतर आलेला नाही, आपल्याकडे आहे. त्यामुळे पेढे-बर्फी कुणी कितीही प्रेमानं बांधून दिली तरी तिथेच ठेवून या.

आता मुख्य गोष्ट. विमानात एक कार्ड भरायला देतात. शंका आली की 'हो'वर खूण करा. लाकडी पोळपाट, आयुर्वेदिक चूर्ण, देवाची माळ, सगळ्याला 'हो'. खरं सांगितलेल्या वस्तूबद्दल दंड होत नाही. फार तर ती वस्तू जाते, आणि बऱ्याचदा बघून परत देतात. लपवलं तर जागच्या जागी हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो. २०१९मध्ये सिडनीला एका प्रवासी बाईनं डुकराचं मांस न सांगता आणलं, तर तिचा व्हिसा रद्द करून तिला परत पाठवलं. नव्या देशातल्या पहिल्याच कागदावर खोटी सही नको.

आम्ही सगळं सांगितलं होतं. माझ्या मुलीचा धान्यांचा तक्तासुद्धा.

शाळेतला प्रकल्प होता तो. जाड पुठ्ठ्यावर फेविकॉलनं ओळीनं चिकटवलेले गहू, मूग, तूर, वाटाणा, धणे. प्रत्येकाखाली तिच्या अक्षरात नाव, पीक खरीप की रब्बी, कुठल्या जिल्ह्यात जास्त होतं ते. बाईंनी 'उत्कृष्ट' असा शेरा दिलेला. हातमोजे घातलेल्या अधिकारी बाईंनी तो स्टीलच्या टेबलावर ठेवला, तिरका करून उजेडात धरला आणि मुगाच्या ओळीतल्या एका दाण्यावर बोट टेकवलं. दाण्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, त्याच्याभोवती पांढरी भुकटी. मग विचारायलाच नको. नुसता पुठ्ठा तरी द्या म्हटलं, तर डिंकात दाणे अडकलेत, नाही देता येणार. बोलल्या मात्र अगदी मऊ आवाजात, मुलीकडे बघून. तिथे फोटो काढायला मनाई असते. तक्ता गेला.

हे इतकं मनाला का लागलं ते पुढच्या पंधरवड्यात कळलं. शाळेनं तिला वयावरून एक इयत्ता खाली बसवलं. इथलं शैक्षणिक वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं, आपलं जूनमध्ये, त्यामुळे मधेच आलेलं मूल कुठेच नीट बसत नाही. प्रगतिपुस्तक मराठीत म्हणून बाजूला ठेवलं. जन्मदाखल्याचं भाषांतर नाटीच्या (NAATI, भाषांतरकारांना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घेतलं होतं, प्रगतिपुस्तकाचं मात्र कुणी सुचवलंही नव्हतं. शिक्षिकेनं विचारलं, विज्ञानात काय काय केलंस? मुलगी गप्प. तिला सगळं येत होतं, पण इंग्रजीत 'रब्बी' कसं सांगायचं? दाखवायला तक्ता असता तर बोलली असती. शिक्षिकेनं 'विज्ञानाची फारशी ओळख नाही' असं लिहिलं. ते वाक्य मला आजही सलतं. ती आता कॉलेजात जाते, तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

म्हणून सांगते, वह्या, तक्ते, चित्रं, सगळ्यांचे फोटो निघायच्या आधी काढून ठेवा आणि प्रगतिपुस्तकाचं भाषांतर आत्ताच करून घ्या. लसीकरणाचं कार्डही टाइप करून, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह आणा. इथल्या दवाखान्यातून ते राष्ट्रीय नोंदणीत चढवावं लागतं आणि त्याचा उतारा शाळा मागते. आमच्या डॉक्टरांचं अक्षर इथे कुणाला लागेना, त्यापायी किती खेटे घातले! प्रत्येक वेळी तेच उत्तर: तारीख स्पष्ट नाही.

एकटेपणाचंही विचारलंय तुम्ही. येतो. पहिल्या हिवाळ्यात पाच वाजता अंधार पडतो तेव्हा जास्त येतो. कामाला लागलात की कमी होतो, त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. मला जड गेलं ते वेगळं. दर वेळी परत येताना त्या टेबलापुढे उभं राहायचं आणि तिकडून काय आणलंय ते सांगायचं. आता पासपोर्ट इथला आहे, नियम मला पटतात, लोक सभ्य आहेत, तरी बॅगेची चेन उघडताना छाती धडधडते. नियम बरोबर आहे म्हणून दुखायचं थांबत नाही, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

एक राहिलं. कार्डावर गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा गुराढोरांजवळ गेला होतात का, असंही विचारतात. निरोप घ्यायला गावी जाणारच असाल. तर तिथे घातलेले बूट तळव्याच्या खाचांतली माती ब्रशनं काढून धुवा, वाळवा आणि बॅगेत वरच ठेवा, म्हणजे दाखवताना सगळं उपसावं लागणार नाही. आणि 'हो'वर खूण करा.